सहायक पात्र फायटर कधी होतं? स्मॅश ब्रदर्सच्या पुढच्या रोस्टरच्या अंदाजाच्या प्रकल्प नोंदी

१० ऑगस्ट २०२५

प्रश्न आज पक्का केला. वेगवेगळ्या व्हिडिओ गेममधली पात्रं एकमेकांशी लढवणाऱ्या निन्टेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ मालिकेच्या एका गेममध्ये जे पात्र दिसतं पण खेळता येत नाही, ते पुढच्या गेममध्ये फायटर (खेळता येणारं पात्र) म्हणून येण्याची शक्यता किती आणि ती कशावर ठरते?

पुढचा स्मॅश अजून जाहीर झालेला नाही. निन्टेंडोचा नवा कन्सोल स्विच २ जूनमध्ये बाजारात आला आणि स्मॅशचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई सध्या ‘कर्बी एअर रायडर्स’ करण्यात गुंतले आहेत. रोस्टरचा, म्हणजे फायटरांच्या यादीचा, अंदाज बांधायचा तर आत्ताच बांधायला हवा. ट्रेलर यायला लागले की प्रत्येक जण म्हणतो, मला आधीच माहीत होतं.

‘दिसतं’ म्हणजे काय तेही ठरवलं. असिस्ट ट्रॉफी (लढतीत थोडा वेळ मदतीला बोलावता येणारं पात्र), स्टेजवरचा बॉस, दुसऱ्या कुणाच्या फायनल स्मॅशमधली (सगळ्यांत जोरदार खास हल्ल्यातली) हजेरी आणि ‘मी’ फायटरचा (Mii, म्हणजे खेळणाऱ्याने स्वतः बनवलेल्या बाहुल्याचा) पोशाख एवढंच धरायचं. नुसती ट्रॉफी किंवा नुसता स्पिरिट, म्हणजे गोळा करायची मूर्ती किंवा चित्र, मोजायचा नाही. ‘अल्टिमेट’ या आत्तापर्यंतच्या शेवटच्या स्मॅशमध्ये स्पिरिट हजाराच्या वर आहेत. तो गाळला नाही तर निन्टेंडोच्या इतिहासातलं जवळजवळ प्रत्येक पात्र यादीत शिरेल आणि अंदाजाला काही अर्थच उरणार नाही.

१६ ऑगस्ट

असिस्ट ट्रॉफी २००८ च्या ‘ब्रॉल’ या तिसऱ्या स्मॅशमध्ये आल्या, त्यामुळे मोजणी तिथूनच सुरू. उड्या दोनच आहेत: ब्रॉल ते स्मॅश ४ (चौथा गेम, २०१४) आणि स्मॅश ४ ते अल्टिमेट (७ डिसेंबर २०१८). विदा इतकी तुटपुंजी असताना मोठं गणित मांडण्यात हशील नाही, हे मनाशी बांधून पुढे जायचं.

तक्ते भरायला धाकटी बहीण आहे. ती स्पर्धांमध्ये खेळते आणि माझ्यापेक्षा तिचे हात कितीतरी पटीने जलद चालतात. कुठला मूव्ह कुठल्या पात्राकडून उसना घेतलाय हे ती नुसतं बघून सांगते, त्यामुळे इको फायटरचा (दुसऱ्या फायटरच्या साच्यावर बेतलेल्या पात्रांचा) रकाना तिच्याकडे दिला.

१७ ऑगस्ट

असिस्ट ट्रॉफीतून थेट फायटर झालेली पात्रं आजवर तीनच: लिटल मॅक (ब्रॉलमध्ये असिस्ट, स्मॅश ४ मध्ये फायटर), डार्क सॅमस आणि इसाबेल (स्मॅश ४ मध्ये असिस्ट, अल्टिमेटमध्ये फायटर). ब्रॉलमध्ये असिस्ट ट्रॉफी तिसेक होत्या. दोन्ही उड्या मिळून बघितलं तर बढती मिळण्याचं प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास येतं. ‘असिस्ट ट्रॉफी ही फायटर होण्याची पहिली पायरी’ असं जे अनेक जण म्हणतात, त्याला आकड्यांचा आधार नाही.

पण या तिघांची कारणं एकमेकांपासून फार वेगळी आहेत, आणि माझ्या दृष्टीने खरा ऐवज तिथेच आहे.

ब्रॉल येऊन गेल्यावर २००९ मध्ये वीसाठी नवा ‘पंच-आउट!!’ आला. बरीच वर्षं बाजूला पडलेली मालिका अचानक जिवंत झाली आणि तिचा नायक लिटल मॅक पुन्हा लोकांच्या डोळ्यांसमोर आला. त्याच्या खेळाची कल्पनाही त्याच्या मूळ गेममधूनच उगवली: जमिनीवर वाघ, हवेत दुबळा आणि मीटर भरला की एका ठोशात समोरच्याला बाहेर काढणारा. बॉक्सर उड्या मारत लढत नाही. ही उणीव त्याच्या मूव्हसेटचा (सगळ्या हल्ल्यांच्या संचाचा) पायाच झाली.

इसाबेल ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू लीफ’मधून (जपानमध्ये २०१२) आली आणि स्मॅश ४ नंतर तिची लोकप्रियता वाढतच गेली. २०१५ मध्ये ती ‘मारिओ कार्ट ८’च्या डीएलसीत (गेम निघाल्यावर आलेल्या जादा भागात) गाडी चालवायला लागली आणि ‘हॅपी होम डिझायनर’मध्ये पुन्हा समोर आली. अल्टिमेटमध्ये तिचे बरेच मूव्ह तिच्याच मालिकेतला आधीचा फायटर व्हिलेजर याच्या साच्यातले आहेत. मासेमारीची काठी मात्र खास तिची, आणि तिच्या खेळाची सगळी गंमत त्या काठीत आहे.

डार्क सॅमसला ‘मेट्रॉइड प्राइम’ मालिकेबाहेर नवं आयुष्य मिळालं नव्हतं. ती आली कारण त्या मालिकेची नायिका सॅमस आधीच फायटर होती आणि तिचा सांगाडा तयार होता. इको फायटर, म्हणजे कमी खर्चात नवं पात्र.

२४ ऑगस्ट

आता उलट बाजू: जे आले नाहीत ते. मारिओच्या गेममधला वालुईजी २००० च्या ‘मारिओ टेनिस’पासून आहे. ब्रॉल, स्मॅश ४ आणि अल्टिमेट या तिन्हींत तो असिस्ट ट्रॉफी. ‘फायर एम्ब्लेम’ची लिन आणि ‘सॉनिक’चा शॅडो यांचंही तेच. ‘गोल्डन सन’चा आयझॅक ब्रॉलमध्ये होता, स्मॅश ४ मध्ये गायब झाला आणि अल्टिमेटमध्ये पुन्हा असिस्ट म्हणूनच परतला.

तिघं वर गेले ते तिघंही एकाच गेमपुरते असिस्ट होते. दोन गेम असिस्ट राहून तिसऱ्यात फायटर झालेलं एकही पात्र नाही. संघाबरोबर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या बाराव्या खेळाडूकडे निवड समिती हळूहळू बारावा म्हणूनच बघायला लागते, तसं इथे होत असावं. त्या पात्राचं असिस्ट म्हणून काम ठरून गेलेलं असतं, अ‍ॅनिमेशन तयार असतं, आणि पुढच्या गेममध्ये ते तसंच उचलणं सगळ्यांत सोपं पडतं.

वालुईजीच्या चाहत्यांना हे वाचून वाईट वाटेल. मलाही वाटतं. टेनिस रॅकेट, गुलाब आणि ती लांबलचक तंगडी घेऊन त्याचा मूव्हसेट माझ्या डोक्यात केव्हाचा तयार आहे.

३० ऑगस्ट

आज प्रश्न उलटा फिरवून बघितला आणि चित्रच बदललं. असिस्टपासून पुढे बघण्याऐवजी नव्या फायटरांपासून मागे बघायचं: हे आधीच्या गेममध्ये कुठे होते?

अल्टिमेट निघाला तेव्हा त्यात नवे चेहरे अकरा होते: इंकलिंग, रिडली, सायमन, किंग के. रूल, इसाबेल, इन्सिनरोअर आणि इको म्हणून डेझी, रिक्टर, क्रोम, डार्क सॅमस, केन. यातले सहा स्मॅश ४ मध्ये माझ्या व्याख्येप्रमाणे दिसले होते. इंकलिंग आणि के. रूल ‘मी’ पोशाख म्हणून, रिडली स्टेजवरचा बॉस म्हणून, ‘फायर एम्ब्लेम’चा क्रोम त्याच मालिकेतल्या रॉबिनच्या फायनल स्मॅशमध्ये, इसाबेल आणि डार्क सॅमस असिस्ट म्हणून. पोशाखांच्या यादीत तर इसाबेल आणि क्रोमही सापडतात.

अकरापैकी सहा! पुढून बघितलं तर शंभरात पाच, मागून बघितलं तर निम्म्याहून जास्त. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण सहायकांचा ढीग मोठा आहे आणि नव्या फायटरांची ओंजळ लहान. पैजा लावणारे बहुतेक लोक हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरतात आणि तिथेच वाद पेटतात.

ब्रॉल ते स्मॅश ४ मध्ये मात्र हे प्रमाण फार कमी आहे. ‘मी’ फायटर सोडले तर चौदा नवे, त्यांत आधी दिसलेले दोनच: लिटल मॅक आणि पॅलुटेना. पॅलुटेना ब्रॉलमध्ये पिटच्या फायनल स्मॅशमध्ये येऊन सैन्य पाठवून देते. मधल्या काळात साकुराईंनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘किड इकारस: अपरायझिंग’ (२०१२) आला आणि ती नुसती देवी न राहता भरपूर बोलणारं, स्वभाव असलेलं पात्र झाली.

६ सप्टेंबर

आजचा दिवस ‘मेट्रॉइड’मधल्या अवाढव्य पंखवाल्या खलनायकावर, रिडलीवर, गेला आणि तो सार्थकी लागला. या मालिकेत मागच्या पडद्यावरून पुढे यायला सगळ्यांत लांबचा रस्ता त्यालाच चालावा लागला.

१९९९ च्या पहिल्या स्मॅशमध्ये तो झेबेस ग्रहाच्या स्टेजमागे उडत जातो. ब्रॉलमध्ये तो कथेतला बॉस. स्मॅश ४ च्या आधी ८ एप्रिल २०१४ च्या सादरीकरणात स्टेजवर त्याची सावली दाखवली आणि चाहत्यांनी ठरवूनच टाकलं की आता तो फायटर होणार. प्रत्यक्षात तो पायरोस्फिअर स्टेजवरचा बॉस निघाला. साकुराईंचा आक्षेप जुना होता: रिडलीचा आकार. खेळवण्यासाठी त्याला लहान केलं तर तो रिडली राहत नाही, मोठा ठेवला तर खेळ विस्कटतो.

मग १२ जून २०१८ ला तो अल्टिमेटचा फायटर म्हणून जाहीर झाला. आकाराचा प्रश्न कसा सोडवला ते खेळताना नीट बघावं. तो सतत वाकून, पंख आवरून उभा असतो. अंग ताठ केलं तर केवढा होईल याची जाणीव प्रत्येक हल्ल्यात होते, पण मार खायची जागा आटोपशीर राहते. शेपटीचं टोक अचूक अंतरावर लागलं तर भयंकर इजा करणारा मूव्ह त्याच्या क्रूरपणाला शोभतो.

तांत्रिक अडचण हे ‘कधीच नाही’ असं म्हणायला पुरेसं कारण नाही, हे यावरून लिहून ठेवतो. मागणी टिकली तर अडचणीवर तोड निघते. ही मागणी मोजायला एकदाच अधिकृत साधन होतं: १ एप्रिल ते ३ ऑक्टोबर २०१५ चालू असलेली फायटर मतपत्रिका, जिच्यात चाहत्यांनी हवं ते पात्र सुचवायचं होतं. के. रूलचं उदाहरण तर आणखी ठळक आहे. १९९४ च्या ‘डाँकी काँग कंट्री’चा हा खलनायक अल्टिमेटच्या आधी दहाएक वर्षं कुठल्याही नव्या गेममध्ये फिरकला नव्हता. नवा गेम नाही, जाहिरात नाही, तरी आला. लोकांनी त्याला आणलं.

१३ सप्टेंबर

बहिणीने इकोचा रकाना पूर्ण केला. तिचं म्हणणं, क्रोम नुसता रॉय या तलवारवाल्या फायटरची नक्कल नाही, वर जायचा मूव्ह दुसऱ्या तलवारवाल्याच्या, आइकच्या, वळणाचा आहे. बरोबर आहे. स्मॅश ४ च्या वेळी रॉबिनच्या ट्रेलरमध्येच त्याला बाजूला बसवलं होतं, कारण आणखी एक तलवारवाला घेऊन नवं काय देणार हा प्रश्न होता. इकोची कल्पना आल्यावर तो प्रश्नच उरला नाही. कमी खर्चात आणता येतं म्हटल्यावर नव्याची अटही सैल होते.

२१ सप्टेंबर

वेळ. या प्रकल्पातला सगळ्यांत कमी बोलला जाणारा मुद्दा.

अल्टिमेटचा आराखडा साकुराईंनी सांगितल्याप्रमाणे डिसेंबर २०१५ मध्येच तयार झाला होता, म्हणजे गेम येण्याच्या तीन वर्षं आधी, स्मॅश ४ चं डीएलसी अजून संपायचं असताना. त्यामुळे ‘मधल्या काळात नवा गेम आला का’ हे विचारताना मधला काळ आराखड्यापाशी संपतो, बाजारात येण्याच्या दिवशी नाही. ‘स्प्लॅटून’ मे २०१५ मध्ये आला आणि इंकलिंग आराखड्यात बसलं. ‘आर्म्स’ जून २०१७ मध्ये आला आणि मूळ रोस्टरमध्ये त्याचा एकही फायटर नाही. पोकेमॉनसाठी मात्र जागा आधीच राखून ठेवलेली असते: स्मॅश ४ मध्ये ग्रेनिन्जा, अल्टिमेटमध्ये इन्सिनरोअर. दोघंही आधी कुठे सहायक नव्हते, त्यामुळे पोकेमॉन माझ्या तक्त्यातून पूर्ण बाहेर काढले.

पुढच्या स्मॅशचा आराखडा कदाचित आत्ताच कुणाच्या तरी टेबलावर असेल.

२७ सप्टेंबर

डीएलसीचे नियम वेगळे, म्हणून वेगळा तक्ता. एकाच गेममध्ये असिस्ट ट्रॉफी असलेलं पात्र त्याच गेमच्या डीएलसीत फायटर झाल्याचं उदाहरण नाही.

‘आर्म्स’चं प्रकरण यात फार बोलकं आहे. अल्टिमेटमध्ये असिस्ट ट्रॉफी मिळाली स्प्रिंग मॅनला, म्हणजे त्या गेमच्या मुख्य चेहऱ्याला. जून २०२० मध्ये फायटर म्हणून आली मिन मिन, जी तोवर फक्त स्पिरिट होती. ‘आर्म्स’चे निर्माते कोसुके याबुकी यांना ती हवी होती असं साकुराईंनी सांगितलं. असिस्ट होण्याने स्प्रिंग मॅनचा रस्ता बंद झाला असं म्हणता येईल. ‘स्पिरिट झाला म्हणजे संपला’ हा चाहत्यांचा नियम मात्र त्या दिवशी मोडला.

डीएलसीत फायटर झालेल्या, मारिओच्या गेममधल्या पिरान्हा प्लँट या चावऱ्या झाडाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की कुठल्याही तक्त्यातून तो निघाला नसता. १ नोव्हेंबर २०१८ च्या त्याच सादरीकरणाने ऑक्टोबरमधलं ‘ग्रिंच’ फलकाचं चित्रही, म्हणजे रोस्टर फुटलं असं सांगत फिरलेलं चित्र, खोटं ठरवलं. त्या चित्रात शॅडो, आयझॅक, गीनो, बँजो असे सगळे लाडके एकत्र होते. फुटलेल्या माहितीला माझ्या तक्त्यात जागा नाही. लोकांना काय हवंय हे ती छान सांगते, पण ते मागणीच्या रकान्यात आधीच आलेलं आहे.

५ ऑक्टोबर

जुन्या विदेवर चाचणी. ब्रॉल ते स्मॅश ४ एवढंच माहीत आहे असं धरून नियम काढला तर तो येतो: ‘मध्ये नवा गेम आला तर बढती’. मॅक आणि पॅलुटेना दोघंही त्यात बसतात. हा नियम अल्टिमेटच्या सहा जणांना लावला: इसाबेल आणि इंकलिंग सापडतात. रिडली आणि के. रूल निसटतात, ते मागणीने आले. डार्क सॅमस आणि क्रोम निसटतात, ते स्वस्तात आले.

म्हणजे दारं तीन आहेत: नवा गेम, मागणी, खर्च. प्रत्येकातून दोन-दोन जण आत आले. ही मांडणी मला आवडते आणि म्हणूनच तिच्यावर करडी नजर ठेवतोय. दुसरं आणि तिसरं दार उत्तर बघून उघडलेलं आहे, त्यामुळे पहिल्याला पूर्ण वजन आणि बाकी दोघांना निम्मं. गणिती प्रारूप बसवायचा मोह बाजूला ठेवला. एवढ्या कमी उदाहरणांवर कुठलंही प्रारूप हवं ते सांगेल.

१२ ऑक्टोबर

पहिले अंदाज, शंभरात किती या हिशेबाने.

शॅडो: २२. यादीतला सगळ्यांत अवघड माणूस. तिन्ही दारं त्याला उघडी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सॉनिक एक्स शॅडो जनरेशन्स’ आला, त्याच डिसेंबरात तिसऱ्या सॉनिक चित्रपटात तो झळकला, मागणी जुनी आणि पक्की, आणि सॉनिकचा सांगाडा तयार आहे. बाहेरच्या कंपनीच्या पात्रालाही इको मिळतो हे रिक्टर आणि केनने दाखवलंय. विरोधात तीन गेमचा असिस्टचा शिक्का आहे, आणि बाहेरच्या कंपनीचा असिस्ट आजवर वर गेलेला नाही.

वालुईजी: १०. मागणीचं दार सताड उघडं, बाकी दोन बंद. त्याच्या नावाचा गेम अजून आलेला नाही.

आयझॅक: ७. ‘गोल्डन सन’चे जुने गेम जानेवारी २०२४ मध्ये स्विच ऑनलाइनवर आले, ही फुंकर आहे. पण मालिकेतला शेवटचा नवा गेम २०१० चा.

रेक्स: ६. ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स २’चा हा नायक. त्याच गेममधल्या पायरा आणि मिथ्रा या फायटरांच्या फायनल स्मॅशमध्ये तो येतो, म्हणजे पॅलुटेना आणि क्रोमच्याच वाटेवर आहे. २०२३ च्या ‘फ्यूचर रिडीम्ड’मध्ये मोठा झालेला रेक्स दिसला. अडचण अशी की त्याच्या गेमची जागा त्या दोघींनी आधीच घेतली आहे.

मिडना आणि स्कल किड (दोघंही ‘झेल्डा’ मालिकेतले असिस्ट): प्रत्येकी ४. मिडनाचा मूव्हसेट लांडग्यासकट बघायला मला अतोनात आवडेल, पण आवडीचा रकाना तक्त्यात नाही.

कर्बीचा साथीदार बंदाना वॉडल डी माझ्या व्याख्येत बसत नाही, तो नुसता स्पिरिट आहे. वेगळ्या पानावर त्याला ३५ दिले. २०११ पासून तो कर्बीच्या गेममध्ये भाला घेऊन खेळता येतो, २०२२ च्या ‘फरगॉटन लँड’मध्ये दुसऱ्या खेळाडूचं पात्र तोच आहे, आणि ज्याचा सगळा खेळ भाल्यावर आहे असा फायटर स्मॅशमध्ये नाही.

१८ ऑक्टोबर

बहिणीचा आक्षेप, आणि तो तक्त्यात टिपलाच पाहिजे असा: अल्टिमेटमध्ये आधीचे सगळे फायटर परत आणले होते, पुढच्या वेळी ते शक्य नाही. काही जण गळणार. मग नव्यांना जास्त जागा मिळेल की कमी?

माझं मत, जास्त मिळेल, पण सहायकांना नाही. सगळे जुने आणायचे असल्यामुळे अल्टिमेटमध्ये नव्या मूव्हसेटला वेळ कमी होता. म्हणून इको वाढले, आणि इको म्हणून घ्यायला ओळखीची, आधी दिसलेली पात्रंच सोपी पडतात. अकरापैकी सहा हा आकडा बराचसा त्या परिस्थितीचा आहे. पाटी कोरी केली तर प्रमाण स्मॅश ४ कडे झुकेल. हे धरून सगळे अंदाज थोडे खाली आणले: शॅडो १८, वालुईजी ८, बाकीचे त्या प्रमाणात. बंदाना डी तसाच, कारण त्याला इको लागत नाही.

इथे न लिहिलेल्या नावांसकट यादीतल्या सगळ्यांच्या शक्यतांची बेरीज आता तीन फायटरांच्या जवळ येते. आजवर एका उडीत दोन आणि सहा आले आहेत, तेव्हा तीन हा आकडा पटण्यासारखा आहे.

२६ ऑक्टोबर

यादी गोठवली. प्रत आजच्या तारखेसह बहिणीकडे आणि एका मित्राकडे ठेवली आहे. रोस्टर पूर्ण जाहीर होईपर्यंत एकही आकडा बदलायचा नाही, अफवा कितीही जोरात असल्या तरी.

गुण देण्याची पद्धत ब्रायर. प्रत्येक अंदाज आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग करायचा आणि सरासरी काढायची, जितकी कमी तितकं चांगलं. तुलनेला दोन सोपे भिडू: ‘सगळ्यांना ५’ म्हणणारा आणि ‘कुणीच येणार नाही’ म्हणणारा. या दोघांना हरवता आलं नाही तर तीन दारांची मांडणी मोडीत काढायची आणि तसं इथेच लिहायचं.

उरलेलं काम: मेली (दुसरा स्मॅश) ते ब्रॉलचा तक्ता. तिथे असिस्ट नाहीत, पण पोके बॉलमधून बाहेर येणारा चारिझार्ड ब्रॉलमध्ये फायटर झाला, आणि पहिल्या गेममध्ये ड्रीम लँड स्टेजच्या मागे तरंगणारा, कर्बीच्या गेममधला किंग डीडीडीही ब्रॉलमध्येच आला. डीडीडीचा मूव्हसेट कुठून उभा राहिला हे बहीण पुढच्या आठवड्यात बघणार आहे. पोकेमॉन वगळायचे या माझ्या नियमामुळे चारिझार्ड तक्त्याबाहेर राहतो, आणि त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.